पान सत्तावन्न

सकाळी चहाआधी बेबीनंदा
माझ्याच गळ्यातली टेप काढते,
"सरके उभे राहा," म्हणते,
आणि बेंबीवरून गोल फिरवते.
अडतीस. काल साडेसदतीस.
गिऱ्हाइकांच्या वहीत, पान सत्तावन्नवर,
ब्लाउज आणि शाळेच्या चड्ड्यांच्या मधे
माझं पोट लिहिलेलं आहे, तारीखवार.

तीस वर्षं घाटंजीच्या बाजारात मापं घेतली.
कोण सुटलं, कोण वाळलं,
टेपला आधी कळायचं, घरच्यांना मागून.
माझंच तेवढं कळलं नाही.
पायजम्याची नाडी आखूड पडू लागली
तर मी नाडी बदलली.

मेडिकलच्या डॉक्टरनं कागदावर लिव्हर काढून दाखवलं.
मला दिसलं उसवून उसवून पुन्हा शिवलेलं कापड,
शिवण जास्त, कापड कमी.
नवं मिळत नाही का, विचारलं.
"मिळतं. महाग आहे, रांग आहे.
तोवर उरल्यात बेता."

गाव म्हणालं, "पेत असन मुकाट्यानं."
थेंब घेतला नाही मी.
कावीळ होती, 'बी' नावाची,
रक्तात बिनभाड्यानं राहिलेली.
लहानपणी सायकलवर एक डॉक्टर यायचा,
सुई एक, गावं सात.
तीच असेल, नसेलही.
बेबीनंदानं गुणवंताचं रक्त तपासून आणलं, मग स्वतःचं,
आणि दोघांनी तीन-तीन टोचण्या घेतल्या.

मीठ गेलं. ठेचा, पापड, लोणचं गेलं.
ती वरणात लिंबू पिळते, "खाऊन तं पाहा."
बेचव आहे. खातो.
सोमवार सोडला, रात्री उपाशी निजायचं नाही म्हणे.
गुडघा ठणकला तरी टपरीवरची गोळी नाही.
आणि ते गोड, चिकट औषध:
दिवसातून तीनदा परसाकडे.

पोळ्यानंतरच्या एका रात्री
कात्री उलटी धरून मी मेलेल्या आईला विचारत होतो,
गळा किती खोल ठेवू.
मला आठवत नाही. बेबीनंदाला आठवतं.
तेव्हापासून दिवेलागणीला ती सुई देते, काळा दोरा देते.
"ओवा."
पहिल्या खेपेला गेला, की पोळ्या लाटायला जाते.
तिसऱ्या खेपेलाही नाही गेला, तर गुणवंताला फोन,
गाडी, नागपूर.

काल पाच वेळा चुकला.
ती काही बोलली नाही, चपला शोधू लागली.
मग मी चष्माच लावला नव्हता
हे दोघांच्या एकदम लक्षात आलं.
हसलो.
पोट हललं, पाण्यासकट.