फाटक लावण्याआधी

दर वर्षी ऑक्टोबरच्या शेवटच्या शुक्रवारी
आम्ही सहा जण त्या तळ्यावर जातो.
आयडाहोच्या नकाशात ते अर्धा इंच पूर्वेला सरकलंय,
म्हणून गावात त्याला चुकलेलं तळं म्हणतात.
चूक छापणाऱ्याची, नाव मात्र पाण्याला चिकटलं.

यानंतरचे सगळे आठवडे माझे.
घाटातला बर्फ बाजूला सारणारी गाडी
एकवीस हिवाळे मीच चालवतोय.
पहिला मोठा बर्फ पडला की खालचं फाटक ओढायचं,
कुलूप घालायचं, तेही मीच.
त्यामुळे या दिवसांत सगळे माझ्याशी जरा जपून बोलतात,
जणू बर्फ मी मागवतो.

लार्चची झाडं पिवळीधमक. सुया गळत होत्या
तंबूंवर, कॉफीत, बेनिताच्या केसांत.
ऑर्विल तंबूच्या खुंट्या घरीच विसरला होता.
दगड बांधून भागवलं,
आणि रात्रभर त्याचा तंबू
झोपेत कुणाशी तरी भांडत राहिला.

सकाळी गळाच्या काठीवरच्या कड्या गोठलेल्या.
दोन वेळा गळ टाकायचा, मग कड्या एकेक करून
तोंडात धरायच्या, बर्फ वितळवायचा,
पुन्हा दोन वेळा.
इनाकी म्हणाला, आपण मासे धरायला आलोय
की काठ्या चाटायला?

त्याचा आजा बास्क मुलखातून इथे मेंढ्या राखायला आला.
वरच्या अ‍ॅस्पेनच्या सालीवर त्याने कोरलेलं साल आहे,
शेजारी नाव.
खोड जाडावत गेलं, अक्षरं रुंदावत गेली;
आता वाचायचं तर
चार पावलं मागे सरावं लागतं.

दुपारी तीनपर्यंत थॅडला एक फांदी मिळाली,
मला सर्दी.
शाळेची बस चालवणारी वर्ना
घडीच्या खुर्चीत डुलकी घेत होती, काठी गुडघ्यांत,
आणि तिचीच काठी वाकली.

ब्रुक ट्राउट. कोपरभर.
पोट निखाऱ्यासारखं, परांना चुन्याची किनार.
आणि जबड्याच्या कोपऱ्यात आणखी एक गळ,
जुना, गंजलेला,
त्यावर तांबड्या लोकरीचं एक तूस.

हा माझा, ऑर्विल म्हणाला,
गेल्या वर्षी त्या खडकापाशी तोडून पळाला.
खडकापाशी नाही, इनाकी म्हणाला, लव्हाळ्यात, आणि माझा.
थॅडने काही न बोलता आपला डबा उघडला,
मग मी, मग सगळ्यांनी.
प्रत्येकाच्या डब्यात तीच तांबडी लोकर.
बेनिताने घटस्फोटानंतर नवऱ्याचा स्वेटर उसवला होता,
आणि गुंडा आम्हा सहा जणांत वाटला होता.

बेनिताने तो गळ बोटांत धरून बराच वेळ पाहिला.
म्हणजे त्याचा स्वेटर, ती म्हणाली,
अजून कुणाला तरी टोचत होता.
आणि अशी हसली
की पलीकडच्या काठावरची बदकं उडाली.

सोडून द्यायचा का, थॅडने विचारलं.
कुणी उत्तर दिलं नाही.
वर्ना चाकूला धार लावत होती.
मक्याचं पीठ, मीठ, डुकराची चरबी;
सहा तुकडे, त्यात एकही सारखा नाही.
डोकं वर्नाला. ते ती कुणाला देत नाही.

रात्री तंबूच्या कापडावर
कुणी मीठ चाळतंय असा आवाज सुरू झाला.
कुणी बाहेर डोकावलं नाही.
पाच तंबूंतून माझ्या नावाने शिव्या आल्या.

रविवारी मी सगळ्यांच्या मागून उतरलो.
फाटक ओढलं. कुलूप गोठलेलं.
सवयीने किल्ली तोंडात धरली, ऊब येईपर्यंत;
लोखंडाची चव, त्याखाली थोडी माशाची.
कुलूप लागलं, तोच
ऑर्विलचा ट्रक उलटा येऊन थांबला.
काच खाली करून तो म्हणाला,
उघड जरा, माझा तवा वर राहिलाय.

मी किल्ली खिशात टाकली.
जूनमध्ये, म्हटलं.