मागून येणारा आवाज

ग्दीनियात आईचा प्लेअर हट्टी, जुना.
चित्र दाखवतो, आवाज गिळतो.
पडद्यावर माणसं तावातावानं भांडतात
आणि खोलीत ऐकू येते फक्त हीटरची कुरकुर.

डिस्कवरून उतरवून ठेवलेले एकसष्ट सिनेमे.
चित्राला हात लावायचा नाही.
आवाज तेवढा सोलून काढायचा,
सहा स्पीकरांचा दोनांत बसवायचा,
प्लेअरला पचेल असा.
बेचाळीस टक्के. चहा गार.

बाबा या सगळ्यांत आहेत.
नायक, खुनी, कुत्र्याला हाका मारणारी पोरगी,
परक्या भाषेतल्या सगळ्यांचं पोलिश
एकटे लुत्सियान वाचायचे,
सपाट सुरात, न रडता.

पहिली फाइल लावून बघतो. आवाज मागे पडतोय.
दोनशे मिलिसेकंद पुढे ओढतो.
आता दार आपटायच्या आधीच आपटल्याचा आवाज,
आणि बाबा तरीही मागे.
अजून शंभर ओढतो.

स्वयंपाकघरातून आई, हात पिठाचे:
"नको रे ओढूस.
तो आधी त्यांना बोलू द्यायचा."

आकडा शून्यावर आणतो.
उरलेले साठ रांगेत लावून
दिवा मालवतो.