चाळणीचं दार

स्टाफरूममधला जुना मायक्रोवेव्ह
चहा गरम करायचं सोडून
प्रयोगशाळेत आला, तेव्हा त्याच्या काचेच्या थाळीचा
एका कडेला टवका उडालेला होता.
फालक मॅडमनी आत भट्टीविटांचं कोंडाळं रचलं,
मधोमध मूस, मुशीत दगड.
मी वहीत रकाने आखले.

भुसावळचा मे. पारा सेहेचाळीस.
इथे सगळं बाहेरून आत भाजतं:
पऱ्हाटीच्या जाळावर वांगं,
आधी साल करपते, मग गर;
वीट, पत्र्याखालची माणसं,
तापीच्या पात्रातली काळी वाळू.
नावातच ताप असलेल्या नदीलाही
ऊन वरूनच लागतं.

आणि ही न दिसणारी लहर
गारगोटीतून जाते
परक्या गल्लीतून जावं तशी, कुणाकडे न बघता,
लोहाच्या काळ्या दाण्याशी आली
की बसते ठाण मांडून.
दाणा तापतो. शेजारची गारगोटी नावासारखी गारच.
दाणा फुगतो, शेजार सरकत नाही.
मग आतल्या आत, दोघांच्या शिवेवर,
टक्.

"ऐकलंत?" मॅडम म्हणाल्या.
मला फक्त पंखा ऐकू आला.

न तापवलेला दगड खलबत्त्यात
एकोणचाळीस ठोके खाऊन फुटला, वाटेल तसा,
दाण्याच्या छातीतून.
तापवलेला अकरा ठोक्यांत सुटला.
फुटला नाही म्हणत मी, सुटला:
दाणा आपल्या कडेने वेगळा,
टरफलातून शेंगदाणा निघावा तसा.
वहीत 'सुटला'साठी रकाना नव्हता.

माझा बाप सुपडू, झारेकरी.
जळगावच्या सराफगल्लीत पहाटे चारला
गटारीचा गाळ भरायचा, घमेल्यात फिरवायचा,
उरल्या चिमटीला पारा पाजायचा
आणि आमच्याच चुलीवर तो पारा उडवायचा.
थंडीचे दिवस. आम्ही दार लावून घ्यायचो.
आता त्याच्या हातातल्या बशीत
चहा टिकत नाही.

एका रविवारी त्याला घेऊन आलो.
त्याच्या शेवटच्या डब्यातला गाळ मुशीत ठेवला.
नवव्या सेकंदाला ठिणग्या, निळ्या.
मॅडमनी धावत येऊन खटका बंद केला.
कुठलीतरी तार असेल, पिन, तुटकी कडी.
"चाळून आणायला हवा होता," मी बोलून गेलो,
तीस वर्षं चाळणाऱ्या माणसासमोर.

तो रागावला नाही. वाकून
दाराच्या काचेमागची जाळी बघत राहिला,
बारीक, काळी, एकसारखी भोकं.
"हाई ते चाळणी शे," म्हणाला.
"काय गाळस हाई?"
मी सांगितलं, उजेड बाहेर सोडते,
ताप आत ठेवते.

त्याने थरथरतं बोट काचेला लावलं.
बराच वेळ.
"मन्ही चाळणीनी उलटं करं."

मग विचारलं,
डबा परत मिळेल का.