तिसऱ्या घराच्या आत

आइसलंड, सातशे-आठशे वर्षांपूर्वी

ब्रांडुर आला तेव्हा मी चक्क्याचं फडकं पिळत होते.
आत ये म्हटलं, आला नाही.
कुत्रा त्याच्या बुटांशी हुंगत राहिला,
हाकलला तरी हलेना.

म्हणाला, केतिलला मी मारलं.
ओढ्याच्या वरच्या अंगाला पडलाय.
पाखरांनी तोंड लावू नये म्हणून
वर गवताची ढेकळं रचलीत.
गवत कापून झालं, असं सांगावं तसं.

आमच्याकडे कायदा आहे.
मारलं, तर पहिल्याच घरी जाऊन सांगायचं.
ते मेलेल्याच्या भाऊबंदाचं असेल तर ओलांडावं,
दुसरंही तसंच असेल तर तेही,
पण तिसऱ्याच्या आत तोंड उघडायचं.
सांगितलं तर वध.
गप्प राहून रात्र जाऊ दिली, तर खून.
ढेकळांखाली तोच केतिल.

पहिलं घर त्याच्या भावाचं होतं.
दुसरं आमचं.

मी ऐकलं, पण माझं ऐकणं मोजत नाहीत.
म्हणून मेंढवाड्यातून गेल्लिरला हाक मारली.
बारा वर्षं त्याला त्याच हिवाळ्यात पुरी झालेली.
याच्यासमोर पुन्हा सांग, म्हटलं.
ब्रांडुरनं सांगितलं, शब्द न बदलता.
पोरानं बाहीनं नाक पुसलं, मान हलवली
आणि साक्षीदार झाला.

उन्हाळ्यात सभा भरली.
खडकावर उभं राहून शहाणी माणसं बोलली:
दोन सरदारांचा मान, कुरणाची हद्द,
कोण कोणाच्या बाजूचा, आणि कधीपासून.
केतिलचं नाव एकदाच आलं, किमतीच्या आधी.
चांदी कमी पडली; उरलेलं कापडानं फेडायचं ठरलं.
सरदार आमचा आणि ब्रांडुरचा एकच.
घराघरानं वाटा उचलायचा.

आमच्या वाट्याला साठ हात.
हिवाळाभर मागाशी उभी राहून विणले.
साठ हात!
केतिलला दोनच होते, त्यातला एक अधू;
तरी पुरात आमची मेंढी त्यानंच ओढून काढली होती.

आता त्याला कोणी खून म्हणत नाही.
म्हटलं तर दंड आहे.
गेल्लिर कधी झोपेत बोलतो,
ओढ्याच्या वरच्या अंगाला, त्याच सरळ आवाजात.
मी त्याच्यावर घोंगडं ओढते.

परवा केतिलची भावजय वाटेत भेटली.
अंगावरचं कापड ओळखलं मी;
काठाला दोन धागे सुटलेले, माझीच चूक.
तिनंही माझी नजर पाहिली.
ऊब आहे, म्हणाली.