बरफाची वही

सावद्याला, फैजपूर रोडवर,
अमोनियाच्या वासात माझी बावीस वर्षं गेली.
लोक म्हणतात, सुपडूचे हात मढ्यासारखे गार.
खरंय. माझ्या पोरीनं लहानपणी
ते कधी गालाला लावू दिले नाहीत.

त्या मे महिन्यात पारा सत्तेचाळीसवर चढला
आणि उतरायचं विसरला.
घर वाहून गेलं नाही, गुरं बुडाली नाहीत,
पूल जागच्या जागी.
तलाठी आप्पा रुमालानं मान पुसत म्हणाले,
पंचनामा करू, पण कशाचा?
एखादी भिंत तरी पडायला पाहिजे.

माणसं पडत होती.
आधी वीटभट्टीवरचा रुमाल्या पावरा,
ओल्या विटेवर बोटांचे ठसे तसेच ठेवून.
मग गँगमन झिपरू, रुळाला कान लावल्यासारखा.
मग सोपानची आई,
जिला कुणी उन्हात धाडलंही नव्हतं,
पत्र्याखाली, स्वतःच्या खाटेवर.
कागदावर तिघांचं एकच: हृदयक्रिया बंद पडल्याने.
हृदयक्रिया बंद न पडता
आजवर कोण मेलंय, मला माहीत नाही.

तिसऱ्या रात्री सबस्टेशनचा ट्रान्सफॉर्मर गेला.
आमचं डिझेल चालू,
कारण रविवारी बड्या घरचं लग्न,
साठ लाद्या आगाऊ लिहिलेल्या:
मठ्ठ्याला, आमरसाला,
आणि स्टेजमागे पंख्यांपुढे ठेवायला.

दहाच्या सुमाराला हलीमा तडवी आली,
आशाताई. सायकलच्या कॅरियरवर
भट्टीवरचं एक पोरगं, पोत्यासारखं.
“सुपडूभाऊ, दोन लाद्या दे.”
“पैसे कोन देईन?”
ती बोलली नाही. माझं मनगट धरलं
आणि पोराच्या कपाळावर टेकवलं.
डोळे न उघडता पोरगं
हाताकडे सरकलं.

दोनाच्या बारा झाल्या.
मग मी मोजणं सोडलं.
पालिकेच्या शाळेतली बाकं बाहेर निघाली,
भंगाळ्यांनी, जे एका फणीवरून कोर्टात जातात,
मळ्याचं फाटक उघडलं: पानं कापा, घड सांभाळा.
ओल्या हिरव्या पानांवर
माणसं निजवली, पंगत मांडल्यासारखी,
आणि काखेत, मानेखाली, पायथ्याशी
गोणपाटात फोडलेला माझा बरफ.
कोण कुणाला वारा घालतंय
अंधारात दिसत नव्हतं, हे बरंच होतं.

सगळेच आले असं नाही.
बँकेसमोर एका मंडळानं ताक वाटलं,
बॅनर केवढा, ग्लास केवढे.
एकानं मला बाजूला घेऊन विचारलं,
भट्टीवाल्यांना कशाला? पावसाआधी जातातच ते.
मी आकड्याचा भुसा झटकत राहिलो.
उत्तर मला अजून सुचलेलं नाही.

पहाटे शेट आले. दिगंबर नेहेते,
पावशेर बरफाचंही बिल फाडणारा माणूस.
रिकाम्या कोठीत चपला काढून उभे राहिले,
ओल्या फरशीवर, बराच वेळ.
मग वही मागितली.
रकाने तीन: जमा, विक्री, वितळ.
पेन झटकलं, चालेना, माझ्याकडे दिलं.
“लिही. वितयला.”
“सगळा, शेट?”
“ऊन किती व्हतं, पाह्यलं नाही का?”

रविवारी लग्नात आमरस कोमट होता म्हणे.
कुणी काही बोललं नाही, एक व्याही सोडून.

पुढं पाऊस आला. सरकारी आकडा आला:
उष्माघात, सावदा, निरंक.
तेव्हा आख्ख्या गावात ते ऊन
फक्त माझ्या वहीत लिहिलेलं आहे,
माझ्याच अक्षरात, साठ लाद्यांपुढे.
कुणी कधी चौकशीला आलं तर दाखवीन.
पानं भिजून चिकटलीत.
सावकाश उघडावी लागतील.