बदली

सलग अकरावी मॅच हरून आलो
त्या रात्री मीटिंग कोर्टावरच भरली.
ऑफिसचं भाडं तीन महिने थकलेलं,
आणि मे महिन्यात सोलापूरचं सिमेंट
रात्री दहालासुद्धा
दुपार सोडत नाही अंगातून.

आधी बोलले पुरुषोत्तमशेठ मडूर.
टॉवेलचा कारखाना त्यांचा, जर्सीवर नाव त्यांचं.
"सरळ हिशोब आहे की ओ.
सांगलीवाले दोन पोरं देतात,
एक सहा-तीन, एक सहा-चार, तयार माल.
आपला श्रीनू त्यांना द्यायचा.
दिवाळीपर्यंत कप."
श्रीनू तिथंच पायरीवर बसलेला,
बुटाची नाडी सोडत,
बांधत,
सोडत.

नदाफबाई शाळा नंबर अकरात पीटी घेतात.
"माझ्याकडं नववीत सात पोरं आहेत," त्या म्हणाल्या,
"एकाला आत्ताच चप्पल दहा नंबरची लागते,
वय तेरा. तीन वर्षं द्या मला."
"तीन वर्षांत नळाला रोज पाणी येणार म्हणालते,"
मागून कुणीतरी बोललं, सगळे हसले,
बाईसुद्धा.

इरण्णा कोच हसला नाही.
"पोरगं म्हणजे ज्वारी नव्हं, बाई,
चार महिन्यांत कणीस धरायला.
एकाला आई दहावीच्या क्लासला घालते,
एकाला मामा भिवंडीला नेतो,
आणि एकाची उंची
साडेपाच फुटांवर येऊन
गप बसते, का ते कुणाला कळत नाही."

मी स्कोअर लिहितो.
स्कोअर लिहिणाऱ्याला मत विचारत नाहीत.

सत्त्याऐंशी साली मला बार्शीहून आणलं.
माझ्या बदल्यात गेले दोन चेंडू,
हवा भरायचा एक पंप
आणि गणपत नावाचा डावखुरा पोरगा.
मला मिलमध्ये लावलं.
कार्डावर शिक्का मारला: बदली.
वाटलं, एवढं खरं
कुठल्या सरकारी कागदावर नसतं लिहिलेलं.
पहिल्याच वर्षी कप जिंकून दिला.
तो अजून कपाटात आहे, त्यात टाचण्या ठेवतात.
दुसऱ्या वर्षी गुडघा गेला,
मिल नंतर.
बार्शीवाले त्या दोन चेंडूंवर
चार वर्षं पोरं घडवत राहिले म्हणे.

गणपत एकदाच भेटला, गड्ड्याच्या जत्रेत,
पाळण्याच्या रांगेत, कडेवर नातू.
ओळख पटल्यावर त्यानं पहिलं विचारलं,
"आपल्या कोर्टाची रिंग
अजून डावीकडं झुकते का बे?"
आपल्या, म्हणाला.
तीस वर्षं बार्शीत काढून.
मीही अजून बार्शीला जातो म्हणत नाही,
गावाकडं जातो म्हणतो.

हात वर झाले. सहा इकडं, सहा तिकडं.
शेठ वळले माझ्याकडं: "तुमचं काय, मास्तर?"
बोलायचं बरंच होतं.
तोंडातून निघालं ते रिंगबद्दल:
"झुकलीय ती. बाहेरून आलेला
दोन महिने चुकत राहतो.
इथं वाढलेला डोळे मिटून
बोटभर उजवीकडून मारतो, आणि जातोय."
"म्हणजे आपलीच पोरं?" बाई सरसावल्या.
"म्हणूनच," मी म्हणालो,
"बाहेरगावी सरळ रिंग आली
की आपण हरतो."

कुणाच्याच बाजूचं नव्हतं ते.
शेठनी घड्याळ बघितलं.
इरण्णानं तंबाखू थुंकली.
तेवढ्यात लाइट गेली, नेहमीची.

अंधारात नाडी बांधल्याचा आवाज येत नाही,
पण श्रीनू उठल्याचं कळलं.
चेंडू दोनदा आपटला.
मग मधे काहीच नाही,
मग लोखंडाचा ठोका,
आणि चेंडू गडगडत भिंतीपलीकडं नाल्यात.

आणायला कुणीतरी भिंतीवरून उडी मारली.
इतका वेळ तिथं कोण बसलं होतं,
कुणी बघितलं नव्हतं.
मोबाइलच्या उजेडात दिसली ती
अलीकडंच राहिलेली
एक चप्पल.
मोठी.