धुणावळ

इकोपा नदीच्या कालव्यावर
बावीस वर्षं मी लोकांचे कपडे धुते.
वरच्या शहरातल्या बायका मला ओळखत नाहीत,
मी त्यांना ओळखते:
कुणाची उशी रोज भिजते,
कुणाचा नवरा खिशात औषधाची चिठ्ठी लपवतो.
कपडा पाण्यात गेला की खोटं बोलत नाही.

म्हणून हायंगू
(आमच्या भाषेत हायंगू म्हणजे दागिना,
घरात दुसरा नव्हता)
तेराव्या वर्षी वरच्या एका घरी कामाला राहिली
आणि सहाव्या महिन्यात बोचकं घेऊन परत आली,
तेव्हा तिचा ब्लाउज हातात धरून
मी पाण्यात उभी राहिले, बराच वेळ.
तीन गुंड्या नव्हत्या.
शिवण उसवलेली नव्हती, फाटलेली होती.
मी विचारलं नाही.
फक्त साबण जास्त लावला.

वर्षभर ती भिंतीकडे तोंड करून निजली.
शेजारीण म्हणाली, उजवून टाक,
वीटभट्टीवरचा एक जण विचारतोय,
पहिली मेली, मुलं दोनच.
मी हो म्हणणार होते. तेही सांगते.

मग साहुली आली.
मोडून बसलेलं नाक, हातगाडीच्या दांडीसारखे दंड.
रेल्वेच्या जुन्या गोदामात
सकाळी पोरींना लोखंड जोडायला शिकवायची
आणि दुपारी खाचरांपलीकडच्या मैदानावर रग्बी.
आधी पडायला शिकवते, म्हणाली.
मी म्हटलं, आमच्या पोरींना ते शिकवावं लागतं?
"हो. मान मोडू नये म्हणून."

पहिल्या आठवड्यात जर्सीची पाठ लाल.
म्हणजे हिला कुणीतरी पाडलं.
पाचव्या आठवड्यात खांदे लाल.
म्हणजे हिने कुणाला तरी.
ही माती सोड्याने जात नाही, राखेने जात नाही.
आणि कामाच्या सदऱ्यावर बारीक भोकं,
काळ्या, जळक्या कडांची.
एकतीस मोजली.
रफू करायला घेतला तर हातातून ओढला.
"राहू दे. ती माझी आहेत."

सामना एकदाच पाहिला,
डोक्यावर गाठोडं, भिंतीआडून.
चेंडू पुढे फेकायचा नाही, असा नियम.
द्यायचा तो मागे,
आणि तरी सगळ्या मिळून पुढे सरकतात.
मला काही उमगलं नाही.
मग हायंगू चेंडू छातीशी धरून सुटली,
आगीतून तान्हं मूल न्यावं तशी.
तिघी लोंबकळल्या तिला,
आणि ती ओरडली.
केवढा आवाज!
दीड वर्षात ऐकला नव्हता.
हरल्या त्या. बऱ्याच फरकाने.

गेल्या महिन्यात हातगाडीवरून घोडी आणली,
कपडे वाळत घालायची, लोखंडी, स्वतः जोडलेली.
आजवर मी धुणं गवतावर पसरायचे
आणि वशिंडाचे बैल ते तुडवून जायचे.
एक पाय तोकडा आहे, डुगडुगते.
खाली दगड लावलाय.
सांध्यावर बोट फिरवलं: जाड, ओबडधोबड शिवण.
ओढून पाहिली. दोनदा.

त्याच दिवशी साबणाच्या डब्यात नोटा.
"काय हे?"
"जर्सीची धुणावळ. वर्षभराची."
मोजल्या.
लोकांना लावते त्या दराने दोनशे आरियारी कमी.
तसं सांगितलंही.
"घरच्यांना सूट नाही?" म्हणाली,
आणि हसली, एक दात तुटलेला.

काल ती कालव्यावर आली, न बोलावता.
हॉटेलची मोठी चादर होती,
एक टोक तिच्या हातात, एक माझ्या.
ती डावीकडे पिळत होती, मी उजवीकडे,
आणि पाणी धारेने गळत असताना
चादरीकडेच पाहत
तिने त्या घरच्या माणसाचं नाव घेतलं.

मी टोक सोडलं नाही.
मी म्हटलं, पुढे?